दोन घरांचा डबा

मी बोलतोय तो कपाटाच्या माथ्यावरून. माझ्या एका बाजूला जुनी सूटकेस आहे, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी राखलेली गादीची गुंडाळी, आणि मधे मी. अंग अॅल्युमिनियमचं, रंग राखाडी, आकार बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा. दोन्ही कुशींना बारीक भोकं आणि डोक्यावर धरायला मूठ. तुम्ही मला पाहिलंत तर सीपीयू म्हणाल, सगळेच म्हणतात. पण सीपीयू म्हणजे माझ्या पोटात बसायचा तो बिस्किटाएवढा तुकडा. हुशारी सगळी त्याची. मी नुसती बाहेरची पेटी.

या घरात मला डबा म्हणतात. मी कसा आलो, कुठे कुठे राहिलो, कुणाच्या हातांतून गेलो, ते सांगतो. दमलोय, त्यामुळे सावकाश सांगेन. तेवढं चालवून घ्या.

जन्माचं फारसं आठवत नाही. मी आधी सपाट पत्रा होतो. मला कापलं, भोकं पाडली, वाकवलं. मग कसल्याशा पाण्यात बुडवून वीज सोडली, त्याने अंगावर ही राखाडी कातडी चढली. नंतर खोक्यात, अंधारात, बराच प्रवास. डोळे उघडले तेव्हा मी एका दुकानाच्या फळीवर होतो आणि माझ्या आजूबाजूला माझ्या दुप्पट उंचीचे काचेचे डबे सात रंगांत लुकलुकत होते. गिऱ्हाईक यायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि माझ्यावर हेल्मेट ठेवायचं.

एके दिवशी दोघी बायका आल्या. जावा-जावा होत्या. थोरली उंच, कमी बोलणारी. धाकटी ठेंगणी, दुकानात पाऊल टाकण्याआधीपासून बोलत असलेली.

"वहिनी, हा बघा," दुकानदाराने काचेच्या डब्याकडे हात केला. "आतून दिवे आहेत. सध्या सगळे हाच नेतात."

"दिवे घरात आहेत," थोरली म्हणाली. "रुंद किती आहे हा?"

धाकटीने पिशवीतून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "याच्यापेक्षा मोठा नको. हे आमच्याकडे आठवडाभर ठेवून बघितलंय. याच्या आधी दोन मोठी केली होती, ती कुणाच्या ना कुणाच्या पायात आली."

खोकं घेऊन खोकं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानदाराने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने मुकाट्याने दोन लहान डबे समोर मांडले, एक पत्र्याचा आणि एक मी. थोरलीने पत्र्याच्या डब्याच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "धार आहे. काम करताना हात कापेल." मग माझ्या आतून बोट फिरवलं. माझ्या कडा घासून गोल केलेल्या होत्या. तिने बोटाच्या पेराने मला दोनदा टकटक केलं, भांडं घेताना वाजवून बघतात तसं.

"गरम नाही ना होणार?" धाकटीने विचारलं. "एवढ्याशा जागेत सगळं कोंबायचं म्हणजे."

"अॅल्युमिनियम आहे, आतली उष्णता अंगातून बाहेर टाकतं. पण एक सांगून ठेवतो, जोडायला कटकट आहे. आत हात शिरत नाही. आमचा जोडणारा असला डबा बघितला की रजा टाकतो."

"आम्ही जोडू," धाकटी म्हणाली.

दुकानदाराने थोरलीकडे पाहिलं, म्हणजे घरातली मोठी कोण ते त्याने बरोबर ओळखलं होतं. थोरली म्हणाली, "ती म्हणतेय ना."

पुठ्ठ्याच्या खोक्यांची हकिकत मला नंतर तुकड्यातुकड्याने कळली. थोरली लग्नाआधीपासून एका फोटो स्टुडिओत कामाला होती. काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, हातात टोक काढलेली शिसपेन्सिल. लोकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि मुरुमांचे डाग ती तिथे बसून घालवायची. मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, तशी ती घरी बसली. धाकटीची विम्याच्या ऑफिसातली नोकरी सुटली होती. एकदा शेजारणीने स्वतःच्या आईचा फाटका फोटो आणला. धाकटीने तो तिच्या जुन्या लॅपटॉपवर घेतला आणि थोरलीने तिच्या शेजारी बसून सांगत सांगत तो नीट करून घेतला. हनुवटी इथे नाही, थोडी खाली. पदराची सावली उजवीकडे. शेजारणीने तो फोटो साऱ्या इमारतीला दाखवला. कामं यायला लागली. लॅपटॉप मात्र तापून दर थोड्या वेळाने डोळे मिटायचा.

म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. जागा एकच होती, खिडकी आणि शिवणयंत्र यांच्या मधली फळी. घरात माणसं पाच: दोघे भाऊ, दोघी जावा आणि सासूबाई. त्या फळीखेरीज वीतभर जागा रिकामी नव्हती.

मी घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर पोहोचलो, तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मूठ पाहिली.

"हा डबा कुणाचा राहिला? जेवायचा विसरलं का कुणी?"

नाव पडलं ते असं.

जोडणीचं काय सांगू. जुनी चादर अंथरली, भाग मांडले आणि दोघींनी कंबर कसली. धाकटी सूचना वाचायची, थोरली हात चालवायची. लहान डब्यात सगळा खेळ क्रमाचा असतो. जे आधी बसवायचं ते नंतर बसवता येत नाही. त्यांनी पहिल्यांदा वीज पुरवणारा ठोकळा बसवला, चारही स्क्रू आवळले, आणि मग लक्षात आलं की मदरबोर्ड आत जायला वाटच उरली नाही. सगळं बाहेर. मग मदरबोर्ड बसवला, तर एक वायर त्याच्या खाली अडकून राहिली. पुन्हा सगळं बाहेर. वायरी जाड आणि हट्टी, एकीकडे दाबल्या की दुसरीकडून डोकं काढायच्या. थोरलीने शेवटी त्या एकेक करून बोटांभोवती वळवल्या, नरम केल्या आणि माझ्या कडेकडेने अशा बसवल्या की जणू त्या तिथेच उगवल्या होत्या.

आणि सगळं झाल्यावर माझं झाकण लागेना. आतला पंखा तांदळाच्या दाण्याएवढा जास्त उंच होता. धाकटीने झाकणावर तळहात ठेवून जोर लावला.

"दाबू नकोस," थोरली म्हणाली.

"बसेल हो ताई. एवढंसं तर आहे."

"बसेल गं. पण मग तो सगळा भार खाली मदरबोर्डवर येत राहील. बदलून आणू."

धाकटी तोंड फुगवून बसली, पण दुसऱ्या दिवशी जाऊन बुटका पंखा घेऊन आली. त्या दाण्याएवढ्या जागेबद्दल मी आजही थोरलीचा ऋणी आहे. दाबून बसवलं असतं तर मी इतकी वर्षं टिकलो नसतो.

झाकण लागलं. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. धाकटीचा चेहरा उतरला. ती सूचनांची पानं पहिल्यापासून वाचायला लागली आणि थोरली स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन नुसती उभी राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या.

"तिथला प्लग मी काढलाय बरं का. मिक्सर लावायचा होता."

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की धाकटीला खाली बसावं लागलं. सासूबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही हसल्या.

ती वर्षं चांगली गेली. चांगल्या वर्षांबद्दल बोलायला फार नसतं. सकाळी मी सुरू व्हायचो, दुपारपर्यंत अंग कोमट व्हायचं. सासूबाईंना कायम थंडी वाजायची. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि दोन्ही हात माझ्या माथ्यावर ठेवायच्या. स्क्रीनवर कुणाकुणाचे आजोबा, कुणाकुणाच्या नवऱ्या दिसायच्या आणि सासूबाई त्यांच्यावर मत द्यायच्या. "हिचा नवरा तापट असणार, बघ कशी अंग चोरून उभी आहे." एका माणसाला सहलीच्या फोटोत स्वतःला घालून हवं होतं, कारण त्या सहलीला तो तापामुळे गेलाच नव्हता. थोरलीने त्याला मागच्या रांगेत कडेला उभं केलं. फोटो बघून तो म्हणाला, "हो, मी इथेच उभा राहिलो असतो."

दोघे भाऊ संध्याकाळी यायचे. थोरला बस डेपोत टाइमकीपर होता. कुठली बस कधी सुटली, कधी आली, याच्यावर त्याचं सगळं आयुष्य बेतलेलं. धाकटा नळ आणि बेसिन विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर. त्याचं बोलणं मोठं, मन हलकं, तोंडाला दार नाही. "दादा, आज डब्याने किती माणसं जिवंत केली?" असं तो आल्या आल्या विचारायचा. दादा हसायचा, पण उत्तर बायकोने द्यावं म्हणून तिच्याकडे बघायचा.

मग सासूबाई आजारी पडल्या. आधी खोकला, मग छातीत पाणी. हॉस्पिटलातून घरी आणल्या ते डॉक्टरांनी आता घरीच बरं म्हटल्यावर. दिवस जात होते. सगळे आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. ज्या दुपारी त्या गेल्या, त्या दुपारी बारी थोरल्याची होती. पण घाटात डेपोची एक बस कलंडली होती, माणसं जखमी होती, त्यांचे नातेवाईक डेपोत येऊन उभे होते, आणि त्याच्या जागी बसायला दुसरं कुणी आलं नव्हतं. तो फोनवर म्हणत राहिला, "निघतोच." निघाला तेव्हा उशीर झाला होता. आईजवळ धाकटा होता.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. थोरला आत आला, डेपोचा गणवेश अंगावर तसाच. आणि धाकटा सगळ्या नातेवाइकांसमोर बोलला.

"ये दादा. बस वेळेवर सुटली ना? मग झालं. आई सुटली काय, राहिली काय."

थोरल्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दिलं नाही आणि पुढेही कधी दिलं नाही. तो धाकट्याशी बोलायचाच थांबला. जेवायला बसायचा तेव्हा ताट घेऊन खिडकीकडे तोंड करायचा. धाकट्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं होतं, पण ते परत कसं घ्यायचं ते त्याला माहीत नव्हतं. दोन-चारदा तो उगाच मोठ्याने हवापाण्याबद्दल बोलला. मग तोही चिडला. "मी खोटं काय बोललो?" एवढंच धरून बसला.

वर्ष सरायच्या आत धाकट्याने दोन गल्ल्या सोडून भाड्याने जागा घेतली.

सामान वाटलं गेलं. भांडी, पलंग, पंखे यांवरून कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्यापाशी आल्यावर मात्र सगळे थांबले.

"देऊन टाक त्यांना," थोरला बायकोला म्हणाला. भाऊ समोर उभा होता, पण बोलणं बायकोशी. "आपल्याला काय करायचाय."

"आम्ही नवीन घेऊ," धाकटा भिंतीशी बोलला. "ठेवा म्हणावं."

थोरली पदर खोचून उभी राहिली. "मी आणि हिने जोडलाय तो. तुम्ही दोघं यात बोलू नका." आणि धाकटीकडे वळून म्हणाली, "पहिले तीन दिवस माझ्याकडे. पुढचे तीन तुझ्याकडे. स्क्रीन तू दुसरा बघ."

"आणि रविवारी?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज रडका होता.

"रविवारी त्याला झोपू दे."

तिथून माझे चालायचे दिवस सुरू झाले. आतापर्यंत माझी मूठ शोभेची होती. थोरलीने गोधडीच्या कापडाची आत अस्तर लावलेली पिशवी शिवली. ठरलेल्या दिवशी मी त्या पिशवीत बसून निघायचो. दोन्ही घरांच्या मधे, कोपऱ्यावर, किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे टपरी आणि तिच्या समोर एक बाकडं. तिथे दोघी भेटायच्या. एकमेकींच्या घरी जायची कुणी बंदी घातली नव्हती. पण थोरली धाकटीकडे जाऊन आली की थोरला जेवण अर्धं टाकायचा, आणि धाकटी थोरलीकडे जाऊन आली की धाकटा विचारायचा, "काय म्हणतात साहेब?" त्यापेक्षा बाकडं बरं.

बाकड्यावर मला मधे ठेवायचं आणि दोघींनी दोन बाजूंना बसायचं. आधी कामाचं. "त्या बाईचे डोळे झालेत, केस राहिलेत. जास्त काळे करू नकोस, तिला आवडत नाही." मग घरचं. किल्लीवाला कानस चालवत असायचा, त्याच्या पातळ किरकिरीत दोघींचा आवाज तिसऱ्या कुणाला ऐकू जायचा नाही. एकदा तो म्हणाला, "वहिनी, एवढ्या हेलपाट्यांत दुसरा आला असता की."

"दुसरा घेतला तर इथे कशाला येऊ आम्ही," धाकटी म्हणाली. किल्लीवाल्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पण मला विचाराल तर मी शिणत चाललो होतो. चालताना बसणारे हिसके बाहेरून दिसत नाहीत. आतल्या वायरी रोज थोड्या थोड्या सैल होतात. माझ्या पायांचे रबर एकेक करून गळाले. झाकणाचे स्क्रू इतक्यांदा उघडले गेले की त्यांची खाच गुळगुळीत झाली. एका घरात धूळ, दुसऱ्या घरात ओल. दोन्ही घरांत मी पाहुणा होतो, आणि दोन्ही घरांत माझ्याबरोबर दुसऱ्या घराचा वास यायचा. थोरला मी आलो की खिडकी उघडायचा.

त्या काळात एक गिऱ्हाईक आलं. प्रौढ माणूस, चांगल्या कपड्यांतला. मोठ्या कुटुंबाचा फोटो घेऊन आला होता आणि त्यातला एक माणूस त्याला काढून हवा होता. पांढऱ्या शर्टातला, हसणारा. "भाऊ आहे," म्हणाला. "होता."

दोघींनी तो विषय बाकड्यावर घेतला.

"नको करायला," धाकटी म्हणाली.

"करू. त्याचा फोटो, त्याचा भाऊ," थोरली म्हणाली. "पण एक आहे. माणूस काढला की मागची भिंत भरावी लागते. आणि त्याच्या मागे काय होतं ते आपल्याला माहीत नाही. अंदाजाने भरायचं."

धाकटीने ते काम केलं. खूप वेळ लागला, कारण त्या भावाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर होता, आणि तो शेजारचा म्हणजे गिऱ्हाईकच होतं. हात पुसला, तेव्हा खांद्यावर शर्टाच्या चुण्या नव्याने काढाव्या लागल्या. गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलं, छान झालाय म्हणालं.

"मूळची फाइल ठेवलीस?" थोरलीने विचारलं.

"ठेवलीय. उद्या परत मागायला आला तर."

तो आला नाही. ती फाइल शेवटपर्यंत माझ्या पोटात होती.

अशी कैक वर्षं गेली. थोरलीचे केस पांढरे झाले, धाकटीला चष्मा लागला. भावांनी एकमेकांना लग्नकार्यांत लांबून पाहिलं आणि मान वळवली.

मग एका सकाळी थोरली ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधलेला. त्यात धाकटीला कावीळ झाली, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून ताकीद दिली. तरी काम थांबवता येईना, कारण एका शाळेच्या शंभरीचे सगळे जुने फोटो हातात होते आणि कार्यक्रम तोंडावर आला होता. धाकटीने अंथरुणावरून का होईना, काम उरकायचं ठरवलं. मला तिच्याकडे पोहोचवायचं होतं.

थोरली नवऱ्याला म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत नेऊन द्याल का? तिथून नेतील."

"कोण नेणार?"

"नेतील कुणीतरी."

थोरला तेव्हा निवृत्त झाला होता. त्याने पायांत चपला सरकवल्या, मला उचललं. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच हात लावला. बाकड्याजवळ पोहोचलो तेव्हा तिथे धाकटा उभा होता. त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. टक्कल पडलं होतं त्याला. थोरल्याने मला बाकड्यावर ठेवलं. धाकट्याने उचललं.

"जड आहे," धाकटा म्हणाला. म्हणायला काहीतरी हवं म्हणून.

"नाही," थोरला म्हणाला, आणि वळून चालायला लागला.

एवढंच. तीन दिवसांनी धाकटा मला परत घेऊन आला, थोरल्याने घेतलं. त्या वेळी तेवढंही नाही. त्याच्या पुढच्या वेळी थोरला आधी येऊन बसला होता. सवयीने तो सगळीकडे आधीच पोहोचायचा. धाकटा आला आणि मला उचलण्याऐवजी माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली आणि तो चहा आणायच्या निमित्ताने निघून गेला.

"एक विचारायचं होतं," थोरला म्हणाला.

"विचार."

"आई जाताना काही म्हणाली का?"

मला वाटतं, हा प्रश्न त्याने आई गेली त्या संध्याकाळीच आणला असणार, गणवेशासकट. विचारायच्या आधीच त्याला ते वाक्य ऐकावं लागलं.

धाकट्याला खोटं सांगता आलं असतं. आईने तुझं नाव घेतलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि त्याच्यासारख्या बोलक्या माणसाला ते सहज जमलं असतं. त्याने ते केलं नाही.

"तुझं नाव नाही घेतलं," तो म्हणाला. "माझंही नाही घेतलं दादा. पंखा कमी कर म्हणाली."

"पंखा?"

"हो. मी उठलो, कमी केला. परत येऊन बसलो, तोवर गेली होती."

थोरल्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं तो हसतोय, आणि थोडा हसतही होता. "थंडी वाजायची तिला," तो म्हणाला. "कायम. मे महिन्यातसुद्धा."

"म्हणजे मीही तिथे नव्हतो," धाकटा म्हणाला. "बटणापाशी होतो. पाठ होती माझी तिच्याकडे. आणि वर तुला बोललो." त्याने एक हात माझ्यावर ठेवला, आधाराला धरतात तसा. "दादा, मी ते..."

"राहू दे आता."

"नाही, मला बोलू दे."

"पुन्हा कधीतरी बोल. तिला औषध द्यायची वेळ झाली असेल ना? हा घेऊन जा."

धाकटा उठला. थोरलाही उठला. आणि मला घेऊन दोघे चालायला लागले, एकाच दिशेने. मी कुणाच्या हातात होतो ते आता सांगता येत नाही. वाटेत बहुतेक हात बदलले. धाकटीच्या दारात थोरला क्षणभर घुटमळला. ती आतून अंथरुणावरूनच म्हणाली, "भाऊजी, चप्पल काढायला जागा नाहीये तिथे, आत घेऊन या."

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी सांगणार नाही. झालं नाही. एवढ्या वर्षांचं न बोलणं एका बाकड्यावर संपत नाही. दोघे बोलतात ते बेतानं, दुखऱ्या दातावर जेवावं तसं. पण थोरला आता जेवताना खिडकीकडे तोंड करत नाही. सणासुदीला चौघं एकत्र बसतात, आणि मधूनच एखादा विषय निघाला की सगळे एकदम दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

माझं काम मात्र त्यानंतर फार दिवस राहिलं नाही. शाळेचे फोटो झाले. मी धापा टाकायला लागलो होतो. नवे प्रोग्राम माझ्या पोटातल्या जुन्या तुकड्यांना पेलवेनात. एक फोटो उघडायला इतका वेळ लागायचा की थोरली तेवढ्यात चहा ठेवून यायची. शेवटी दोघींनी दोन वेगळे कॉम्प्युटर घेतले, आपापल्या घरी एकेक. आता कामं तारेवरून इकडची तिकडे जातात. काही उचलावं लागत नाही.

मला उघडलं त्या दिवशी धाकटी थोरलीकडे आली होती. पुन्हा चादर अंथरली. मी इतक्यांदा उघडला गेलो होतो, पण असा कधी नाही. त्यांनी एकेक भाग सोडवला. थोरलीचं मनगट अजून पूर्ण वळत नाही, म्हणून वायरी धाकटीने सोडवल्या. ज्या वायरी थोरलीने माझ्या कडेने बसवल्या होत्या, त्यांनी इतक्या वर्षांत तोच आकार धरला होता. बाहेर काढल्यावरही त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. थोरलीने त्या सरळ करून बघितल्या नाहीत. झाल्यावर धाकटीने माझ्या आतून ओलं फडकं फिरवलं आणि थोरलीने झाकण लावलं. झाकण अगदी सहज लागलं. आत काहीच नव्हतं.

"बाकडं आठवेल," धाकटी म्हणाली.

"तू येत जा की इथेच," थोरली म्हणाली. "आता कशाला बाकडं."

आणि ती येते. आठवड्यातून दोनदा तरी येते. कधी थोरली तिच्याकडे जाते. हातात काही नसतं. दोघीही मोकळ्या हातांनी जातात आणि येतात, हे मी वरून बघतो. मला त्याचं वाईट वाटायला हवं का, याचा मी बराच विचार केला. वाटत नाही. हात मोकळे असलेले बरे.

माझं काय करायचं याची चर्चा मधूनमधून निघते. धाकटा म्हणतो भंगारात द्या, अॅल्युमिनियमला मागणी आहे, वितळवून नवं काही करतात. धाकटीच्या मनात माझ्यात रोप लावायचं आहे, भोकं आयतीच आहेत म्हणते. थोरली म्हणते, लोकरीचे गुंडे राहतील आत. थोरल्याने मात्र परवा स्टुलावर चढून माझ्यावरची धूळ पुसली आणि सूटकेस थोडी सरकवून मला ऐसपैस जागा करून दिली.

तुमच्याही घरी माळ्यावर, कपाटावर माझ्यासारखं कुणीतरी असेल. काम संपलेलं, पण टाकवत नाही म्हणून राहिलेलं. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीने एक सांगतो. आम्हाला काही ना काही कामाला लावायची घाई करू नका. आयुष्यभर माझ्या पोटात बोट शिरायला जागा नव्हती. सगळं ठासून भरलेलं, तापलेलं, आणि त्यात सतत फिरणारा एक पंखा. आता समोरची खिडकी उघडी असली की वारा माझ्या एका कुशीने आत येतो आणि दुसऱ्या कुशीने निघून जातो. वाटेत त्याला काही लागत नाही. मला याची अजून सवय झालेली नाही.

कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त इतक्यात काही भरू नका.